पायथ्याची राखण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मृगाचे दोन पाऊस पडले, की शहरातल्या माणसाला सह्याद्री आठवू लागतो. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून, नाशिक-ठाण्याहून गाड्या निघतात. राजगडासाठी गुंजवणे किंवा पाली, तोरण्यासाठी वेल्हे, हरिश्चंद्रगडासाठी पाचनई किंवा खिरेश्वर, कळसूबाईसाठी बारी, लोहगडासाठी लोहगडवाडी. अशा पायथ्याच्या गावांत पहाटेच्या आत त्या येऊन थांबतात. माणसे उतरतात, बुटांच्या नाड्या आवळतात, पाठीला पिशव्या लावतात आणि बघता बघता धुक्यात दिसेनाशी होतात. मागे राहते ती गाडी. गडांविषयी गो. नी. दांडेकरांपासून अनेकांनी भरभरून लिहिले आहे. आज मी बोलणार आहे ते मागे राहिलेल्या या गाडीविषयी.

विषय किरकोळ वाटेल. कवी माणसाने धुक्यावर बोलावे, गाडीच्या काचेवर काय बोलायचे, असेही कुणी म्हणेल. पण दिवसभर चालून, भिजून, थकून माणसे खाली उतरतात आणि गाडीच्या सीटवर खडीसाखर सांडावी तसा काचेचा चुरा पडलेला दिसतो, तेव्हा धुके-बिके सगळे विसरायला होते. मागच्या सीटवरची बॅग गेलेली असते. बॅगेत लॅपटॉप, पाकीट, घराच्या किल्ल्या. पाऊस आत येतो आहे, फोनला रेंज नाही, अंधार पडायला आला आहे आणि घर दीडशे किलोमीटरवर आहे. पैशांचे नुकसान भरून निघते. पण त्या संध्याकाळी मनात गावाविषयी जी अढी बसते, ती लवकर निघत नाही. मला जास्त काळजी त्या अढीची वाटते. तिच्याकडे मी येणारच आहे, पण आधी चोरीकडे बघू.

१९७९ मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी चोरीसारख्या गुन्ह्यांविषयी एक साधा विचार मांडला. ते म्हणाले, गुन्हा घडायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी याव्या लागतात. चोरी करायला तयार असलेला माणूस, चोरण्याजोगी वस्तू आणि राखणदाराचा अभाव. यातली एक जरी गोष्ट काढून घेतली, तरी चोरी टळते. आपल्या आजीलाही हे ठाऊक होते. पापड वाळत घातले की ती काठी घेऊन एखाद्या नातवाला तिथे बसवत असे. कावळे काही संपवता येत नाहीत आणि पापड तर उन्हात ठेवावेच लागतात. मग उरतो तो राखणदार.

आता हे तीन मुद्दे गडाच्या पायथ्याला लावून बघा. शहरात तुम्ही दुकानासमोर गाडी लावता, तेव्हा तुम्ही पाच मिनिटांत परत याल की पन्नास, हे चोराला कळत नाही. पायथ्याशी ते कळते. तुमचे बूट, पाठीवरची पिशवी, हातातली काठी त्याला सांगतात, की हा माणूस आता गडावर निघाला आहे. राजगड चढून, बघून, उतरून यायला दिवस जातो. हरिश्चंद्रगडावर तर बहुतेक जण मुक्कामालाच जातात. म्हणजे चोराच्या हाती सहा-आठ तास निवांत असतात, आणि मालक मधेच परत येण्याची भीती जवळजवळ नाही.

दुसरे, बाजूच्या खिडकीची काच. समोरची काच दोन थरांची असते, मधे चिकट पडदा असतो, म्हणून ती तडकली तरी जागेवर राहते. बाजूची काच तापवून एकदम थंड केलेली असते. तिचा बाहेरचा थर दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली असतो. त्यामुळे ती साध्या काचेपेक्षा बळकट असते, पण एकदा का तिला टोकदार वस्तूने भेदले, की सगळी एका क्षणात बारीक दाण्यांचा चुरा होऊन खाली येते. अपघातात माणसाला सुऱ्यासारखे तुकडे लागू नयेत, यासाठी ही सोय आहे. चोरालाही तिचा फायदा होतो. हॉर्न वाजेल, दिवे लुकलुकतील, पण ऐकणारे कुणी नसेल तर त्या आवाजाला कोण विचारतो? तेव्हा बंद गाडी म्हणजे तिजोरी नव्हे. ती आतले सगळे दाखवणारी काचेची पेटी आहे.

मग करायचे काय? आधी वस्तूचे बघू, कारण ती आपल्या हातात आहे.

इथे मला अस्वलांची आठवण होते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात योसेमिती नावाचे मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे १९९८ या एका वर्षात अस्वलांनी तेराशेहून अधिक मोटारी फोडल्या. खिडकीत पंजा घालून दाराची चौकटच ती खाली वाकवत. ती फोडत होती खाण्यासाठी. खाण्याचा वास त्यांना येतोच, पण बर्फाची पेटी दिसते कशी, हेही ती शिकली होती. रिकामी पेटी दिसली तरी गाडी फुटे. पुढे २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले, की ही अस्वले मुलाबाळांच्या कुटुंबांच्या मोठ्या गाड्या इतर गाड्यांपेक्षा अधिक फोडत. अभ्यासकांनी एक शक्यता अशी सांगितली, की पोरे गाडीत खाणे सांडतात! उद्यानाने नुसत्या बंदुकांचा आधार घेतला नाही. वाहनतळांवर आणि तंबूंच्या जागी लोखंडी पेट्या बसवल्या, खाणे त्यातच ठेवायचा नियम केला, न ठेवणाऱ्याला दंड लावला आणि येणाऱ्या प्रत्येकाला हे समजावून सांगितले. गाड्या फुटण्याचे प्रमाण फार खाली आले.

चोर काही अस्वल नाही. पण तोही याच रीतीने शिकतो. काळी चौकोनी बॅग म्हणजे लॅपटॉप, हे त्याला पाठ असते. ती बॅग रिकामी असली, आत नुसते ओले टॉवेल असले, तरी काच फुटायची ती फुटतेच. म्हणून पहिला नियम असा, की गाडीत काही दिसता कामा नये. पिशवी नको, जाकीट नको, चार्जरची लोंबती वायर नको. जाकिटाखाली काही झाकून ठेवणे हे तर बोट दाखवून सांगण्यासारखे आहे. काही अनुभवी ट्रेकर समोरचा कप्पा रिकामा करून मुद्दाम उघडा ठेवतात. आत काही नाही, हे बघणाऱ्याला बाहेरूनच कळावे, एवढाच हेतू.

दुसरा नियम पहिल्याहून महत्त्वाचा आणि जास्त दुर्लक्षित आहे. डिकीत जे ठेवायचे, ते पायथ्याला पोचण्याच्या आधी ठेवा. होते काय, आपण गाडी लावतो, चहा घेतो, मग सगळ्यांच्या देखत डिकी उघडून एकेक बॅग आत सरकवतो, वर चादर पसरतो आणि निर्धास्त होतो. त्या वेळी टपरीवर बसून कोण बघते आहे, हे आपल्याला कुठे ठाऊक असते? वाटेत पेट्रोल पंपावर, चहाच्या थांब्यावर हे उरकून घ्यावे. पायथ्याला पोचल्यावर डिकी उघडायचीच नाही.

तिसरी गोष्ट लॅपटॉपची. शुक्रवारी कचेरी सुटली की थेट ट्रेकला निघायची आता पद्धत पडली आहे. कचेरीचा लॅपटॉप गाडीत, आणि गाडी डोंगराखाली. त्या यंत्राच्या किमतीपेक्षा त्यातल्या माहितीची किंमत मोठी असते, हे त्या मुलांनाच जास्त ठाऊक असते. घरी ठेवून निघा. घर उलट्या दिशेला असेल तर वाटेवरच्या एखाद्या मित्राच्या घरी ठेवा. पाच जणांच्या गटात असे एखादे घर सापडतेच.

चौथी गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. गाडीच्या नोंदणीपत्रावर आपल्या घराचा पत्ता असतो. ते कागद समोरच्या कप्प्यात आणि घराच्या किल्ल्या शेजारच्या बॅगेत! म्हणजे चोराला एका काचेत घराचा पत्ता मिळाला, किल्ली मिळाली आणि घरचा माणूस डोंगरावर आहे ही बातमीही मिळाली. नोंदणीपत्र आणि परवाना डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर असला तरी तो ग्राह्य धरावा, असे केंद्र सरकारने २०१८ मध्येच राज्यांना कळवले आहे. तेव्हा मूळ कागद घरी राहू द्यात. घराची किल्ली अंगावरच्या आतल्या खिशात राहू द्या, चेन लावलेल्या. गाडीची किल्ली चाकावर किंवा दगडाखाली लपवण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे, आणि सर्वांत चोरही आले. दार लावल्यावर नुसते रिमोटचे बटण दाबून चालू लागू नका. तो संदेश अडवणारी यंत्रे काही चोर वापरतात. प्रत्येक दार हाताने एकदा ओढून बघा. दुचाकीवाल्यांनी हेल्मेट आरशाला अडकवून जाऊ नये आणि चाकालाही वेगळे कुलूप घालावे.

हे सगळे झाले वस्तूचे. पण श्रोतेहो, एवढे करूनही राखणदाराची जागा रिकामीच राहते. आणि मला वाटते, आपल्या सह्याद्रीतल्या गडांनी याच बाबतीत आपल्याला काही शिकवून ठेवले आहे.

गडाची राखण नुसत्या बुरुजांनी होत नव्हती. वर हवालदार होता, सबनीस होता, कारखानीस होता. पण गडाखाली, डोंगराच्या कुशीत, मेटे होती. मेट म्हणजे चढावरची चौकीची जागा. आणि पायथ्याभोवतीच्या गावांचा असे तो गडाचा घेरा. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर ही नावे आजही कागदोपत्री सापडतात. या मेटांवर आणि घेऱ्यात रामोशी, महार, मांग, कोळी, बेरड अशा समाजांची माणसे राहत. रानातली प्रत्येक वाट त्यांच्या पायाखालची. नवखा माणूस आला, की वर खबर जाई. या कामासाठी त्यांना जमिनी आणि हक्क दिलेले असत. म्हणजे गड सांभाळण्यात त्यांचा वाटा होता, म्हणून ते गड सांभाळत. बारा कोसांवरून आलेल्या पहारेकऱ्यापेक्षा घेऱ्यातला माणूस भरवशाचा ठरे, कारण तो तिथलाच असे.

पुढे काय झाले, तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८१८ मध्ये इंग्रजांचे राज्य आले आणि गडांच्या राखणीचे हे हक्क गेले. पुरंदरच्या राखणीचा मान असलेल्या रामोशी घराण्यातल्या उमाजी नाईकांनी बंड केले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी इंग्रजांनी त्यांना पुण्यात फाशी दिली. १८७१ मध्ये सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. माणूस अमुक जातीत जन्मला, एवढ्यावरून तो चोर ठरू लागला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आणि बेरड ही दोन्ही नावे आहेत. ज्यांच्या बापजाद्यांनी गड राखले, त्यांच्याकडेच समाज संशयाने बघू लागला. कायदा गेला, पण बघण्याची ती सवय अजून गेलेली नाही.

आता मघाशी म्हटलेल्या त्या अढीकडे येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या पोरांबरोबर मी एका गडाच्या पायथ्याला गेलो होतो. गडाचे आणि गावाचे नाव सांगत नाही. माझ्या गुडघ्यांनी गडाला नकार दिल्यामुळे पोरे वर गेली आणि मी गावातल्या एका ओसरीवर बसून राहिलो. दुसऱ्या एका गटाने आपली गाडी गावाच्या अलीकडे, रस्त्याच्या वळणावर लावली होती. गावात पार्किंगचे पन्नास रुपये घेतात, ते वाचवावे म्हणून. संध्याकाळी ती मुले उतरली तेव्हा काच फुटलेली होती. वाटेवर एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा काकड्या विकत बसला होता. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. "तू इथंच होतास ना? मग कोणी केलं? पिशवी उघड." त्याने उघडली. आत काकड्या होत्या, तिखट-मिठाची पुडी होती आणि एक चाकू. "हा बघा चाकू!" एक जण ओरडला. काकडी कापायला चाकू लागतो, हे त्या क्षणी कुणाला सुचले नाही.

माझ्या नावाच्या माणसाला अशी नजर ओळखायला वेळ लागत नाही. मी उठून तिकडे गेलो. माझ्या आधी त्या मुलाची आजी पोचली होती. ती ओरडली नाही. म्हणाली, "सकाळी आलात तवा गावाकडं मान वळवून तरी बघितलंत का? आता चोर हुडकायला गाव आठवलं व्हय?" पोलीस आले, रीतसर पंचनामा झाला, कुणीतरी त्या मुलाला घरी पाठवले. बॅग सापडल्याचे माझ्या कानावर आले नाही. पुढच्या रविवारी तो मुलगा काकड्या विकायला बसला नव्हता, एवढे मात्र कळले. त्याच्या बसण्यामुळे त्या वाटेवर दोन डोळे होते. तेही गेले.

त्या आजीच्या प्रश्नात मला सगळा उपाय दिसतो. आपण रात्री दोन वाजता गावात शिरतो, हॉर्न वाजवतो, कुणाच्याही खळ्यावर गाडी लावतो आणि एका माणसाशी न बोलता निघून जातो. परत आल्यावर मात्र गावाने आपली गाडी सांभाळलेली असावी, अशी अपेक्षा करतो. कशासाठी सांभाळावी? गाडी कुणाची, किती माणसे आली, कधी परतणार, हे कुणाला ठाऊकच नसेल, तर त्या गाडीभोवती घुटमळणारा माणूस मालक आहे की चोर, हे गावाला कसे कळावे?

म्हणून माझे सांगणे साधे आहे. गाडी गावाबाहेर वळणावर लावू नका. गावात, घरासमोर, माणसांच्या नजरेत लावा. आता बऱ्याच ठिकाणी ग्रामपंचायत किंवा वनखात्याबरोबरची गावची समिती वाहनतळाचे पैसे घेते. ते आनंदाने द्या आणि पावती मागा. पावतीवर गाडीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या. गाडीतल्या सामानाची जबाबदारी आमच्यावर नाही, असे त्यावर छापलेले असेल. नोकराच्या हाती किल्ली घेऊन गाडी लावणाऱ्या हॉटेलाला नुसत्या अशा छापील वाक्याआड लपता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. पण गावच्या शेडखाली बसलेल्या माणसाला काही आपण किल्ली देत नाही. त्याच्याशी कोर्टाच्या भाषेत बोलण्यापेक्षा माणसासारखे बोलणे उपयोगाचे. शक्यतो एखाद्या घरी पिठले-भाकरी सांगून जा आणि त्याच घराच्या अंगणात गाडी लावा. घरच्या बाईला सांगा, "मावशी, आम्ही पाच जण आहोत, संध्याकाळी पाचपर्यंत उतरू. हा माझा नंबर." त्या घराचा नंबर आपणही घ्या. यात आणखी एक फायदा आहे. अंधार पडला आणि तुम्ही उतरला नाहीत, तर गाडी अजून इथेच आहे हे बघून कुणीतरी तुमची चौकशी करील. गाडीची राखण करणारा माणूस तुमचीही राखण करतो.

आणि एवढे करूनही काच फुटली तर? आधी आत हात घालू नका. फोटो काढा. ११२ या क्रमांकावर कळवा. जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या १७३व्या कलमानुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही पोलीस ठाण्याला तुमची खबर नोंदवून घ्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही खबर देता येते. मात्र तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते. तेव्हा हद्दीच्या वादात रात्र काढू नका. फोन गेला असेल तर सिम बंद करा आणि संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून तो फोनच निकामी करून घ्या. बँकेला कळवा. घराची किल्ली गेली असेल तर शेजाऱ्यांना फोन करा आणि पोचल्यावर कुलूप बदला. विम्याचेही आधीच माहीत असलेले बरे. नुसता तृतीय पक्षाचा विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक विमा असेल तर काचेचे मिळतात, पण आतल्या बॅगेचे सहसा मिळत नाहीत. त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते. दावा केला की पुढच्या वर्षीची सूट जाते, हाही हिशेब करून बघावा.

आणि वाटेतल्या पोराची पिशवी उघडू नका. तपास पोलिसांचा आहे. गावाकडे संशयित म्हणून न जाता साक्षीदार म्हणून जा. अनोळखी गाडी, अनोळखी माणूस कुणी पाहिला का, असे नीट विचारले तर लोक सांगतात. पिशवी उघडायला लावली, की सगळ्यांची तोंडे बंद होतात. मग पुढच्या चोराला रान मोकळे.

शेवटी दोन शब्द संस्थांसाठी आणि गावांसाठी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले अकरा आपल्या महाराष्ट्रातले आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. राजगड, लोहगड, शिवनेरी, साल्हेर ही नावे आता जगाच्या नकाशावर आहेत. गर्दी वाढेल, गाड्या वाढतील. तेव्हा योसेमितीतल्या त्या लोखंडी पेट्यांचा विचार आपल्याकडेही करायला हरकत नाही. पायथ्याच्या गावात शाळेच्या किंवा पंचायतीच्या खोलीत कुलपाचे कप्पे असलेली दोन लोखंडी कपाटे ठेवली, कप्प्याला वीस-तीस रुपये घेतले आणि गावातल्या महिला बचत गटाने ते काम चालवले, तर बॅगा गाडीत राहणार नाहीत आणि चार घरांना उत्पन्नही होईल. वाहनतळावर एक दिवा लागावा, नोंदीची वही असावी आणि फलकावर जवळच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक असावा. ट्रेक नेणाऱ्या संस्थांनी आपल्या सूचनांच्या यादीत टॉर्च, पाणी, जादा मोजे यांच्याबरोबर आणखी एक ओळ घालावी, की गाडी रिकामी हवी आणि गावात कुणाला तरी सांगून निघायचे.

एक बॅटरी, एक शिटी आणि दोरखंड घेऊन गडावर जाणारी पोरे मी पाहतो, तेव्हा त्यांचे कौतुक वाटते. पण घेरा नसलेला गड जसा फार दिवस टिकत नसे, तशी कुणीच न पाहिलेली गाडीही कुलपाच्या भरवशावर टिकत नाही. आणि आजचा घेरा म्हणजे ओसरीवरची आजी, शेडखालचा पावतीवाला, काकडी विकणारा तो मुलगा. जय शिवराय म्हणा, रामराम म्हणा, सलाम म्हणा, पण चढायला लागण्याआधी त्यांच्याशी चार शब्द बोला. येत्या रविवारी ज्यांचा बेत ठरला असेल, त्यांनी आज रात्रीच गाडीतला तो कप्पा रिकामा करून ठेवावा.